पाण्यातून आलेला दोरा

नेपियर टाउन, जबलपूर

प्रिय शकुताई,

जयभीम. तुझ्या गुडघ्यांचा ठणका आणि भावजींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करते. इकडे सगळे ठीक. (ठीक म्हणजे काय ते पुढे येईल.)

सारखी लघवी लागते म्हणून तुझ्या डॉक्टरांनी कंबरेखाली नसेला बारीक करंट देणारं ते मशीन बसवायचं सुचवलं, आणि तू विचारतेस, माझ्या अंगात इतकी वर्षं आहे तर पुढे काही धोका नाही ना? तुला एका ओळीत उत्तर हवंय. पण परवाचं ऐकल्याशिवाय ते मला देता येत नाही.

परवा ओमतीला बाबाराव भाऊजींच्या नव्या घरी परित्राणपाठ होता. भंतेजींसमोरच्या कलशातून निघालेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून जातो आणि पाठ संपेपर्यंत कुणी उठत नाही, हे तुला माहीतच आहे. मशीन नव्हतं तेव्हा अशा वेळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायची (संडास तिथून जवळ), त्यामुळे सासरी फार कामसू ठरले. आता पुढच्या रांगेत बसते. परवाही बसले. पाठ रंगात आला आणि माझ्या पायात मुंग्या सुरू झाल्या, अंगठा आपोआप उडायला लागला, आणि मागोमाग ती जुनी घाई आली, जी मी विसरूनच गेले होते. मशीनची नसेपाशी गेलेली तार सरकली की काय? मशीन कमी-जास्त करायचा रिमोट पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत, आणि मी दोऱ्यात.

शेजारी यांच्या काकी, भागीरथाकाकी. अंगठ्याकडे बघून कुजबुजल्या, "काहून नाचून राहिला गं हा?"

"मशीनचं आहे काकी. थोडा करंट असतो त्यात."

"अच्छा. आन् दोरा तं पाण्यातून येऊन राहिला."

असं म्हणून त्यांनी दोरा अलगद मांडीवर ठेवला. पलीकडच्या सरोजिनीच्या कानात काहीतरी सांगितलं, तिनेही ठेवला. बघता बघता रांगच्या रांग नुसते हात जोडून बसली. भंतेजींचे डोळे मिटलेले, आणि सगळ्या घराचं मंगल माझ्या एकटीच्या मुठीत. सोडावा असं मलाही वाटत होतं. पण दोरा सोडला असता तर उठले असते, आणि घाईत उठले असते तर दारापर्यंतही पोचले नसते. म्हणून घट्ट धरून बसले. पाठ संपून साधुकार झाला, मग हळूच उठले, आणि पोचले. एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. तार थोडी सरकली आहे, बॅटरीही संपत आली आहे. मी विचारलं, इतक्या वर्षांत नसेला काही झालं नाही ना? म्हणाले, "नस ठीक है दीदी. पर मशीन है, कभी न कभी दोबारा खोलना पड़ता है." जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती जागा दुखू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. काढायचं की बदलायचं, ते माझ्यावर सोडलं. मी बदलणार आहे.

तर ताई, उत्तर असं: घाबरून नको म्हणावं इतका धोका माझ्या डॉक्टरांना दिसत नाही, पण एकदा बसवलं आणि सुटलो, असंही नाही. मात्र ते नीट चाललं त्या वर्षांत मी बसने अमरकंटकला गेले आणि वाटेत खिडकीतून फक्त झाडं बघितली.

तुझी
अंजनी

ता.क. ऑपरेशन सोमवारी आहे. यांना म्हटलं, छोटं काम आहे, मला भीती नाही, रजा घेऊ नका. त्यांनी लगेच मानलं.

आणखी एक. भीती वाटते गं. तुझं काय ते नंतर ठरव, आधी शनिवारच्या गाडीने ये. घरी मी सांगून ठेवलंय, ताई सहजच येणार आहे म्हणून.