डिपस्टिक पिळायची की टेकवायची

४ फेब्रुवारी, बुधवार. वजनकाट्यावर, दुपारी.

आज सकाळी सहाला जप आटोपला. गाडी मेन स्टँडवर चढवली, इंजिनातलं ऑइल तपासलं आणि डिपस्टिकचा (म्हणजे झाकणाला जोडलेल्या ऑइल मोजायच्या काडीचा) फोटो मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लेव्हल बरोब्बर. अठरा वर्षांची गाडी, अजून तान्ही.' बाकी काही केलं नाही. देवाशपथ.

साडेसहाला टॉर्करावचा मेसेज. (हे नाव मी ठेवलंय. दर वाक्यात इंजिनाचा टॉर्क असतो. पेशाने दातांचा डॉक्टर.) 'काका, काडी आटे पिळून आत घातलीत, की भोकावर नुसती टेकवलीत?' मी लिहिलं, पिळून. नाहीतर झाकणाला आटे कशाला दिलेत? तर म्हणे, 'आटे गाडी चालवताना. मोजताना टेकवायची. पिळली की काडी बोटभर खोल जाते, ऑइल कमी असलं तरी जास्त दिसतं.' वर एक हसरा चेहरा.

माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आणि मला काका म्हणतो. वजनकाट्यावर बावीस वर्षं भरले ट्रक मोजतोय मी. मला माप शिकवतो, तेही लोकांच्या तोंडात बघणारा माणूस!

निश्चय : उत्तर द्यायचं नाही.

सायंकाळी ५. उत्तर दिलं. सौम्यच. 'दातात फट दिसली की भरत सुटणाऱ्यांनी इंजिनात बोट घालू नये.'

५ फेब्रुवारी.

सत्तावीस मेसेज. सगळे त्याच्या बाजूने. एकाने लिहिलं, 'सुंभ जळेल, काकांचा पीळ जाणार नाही.' त्याला अकरा अंगठे. अकरावा माझ्या मेव्हण्याचा. यानेच मला ग्रुपात घेतलं होतं. अ‍ॅडमिन म्हणतो, दोघांनीही आवरा. दोघांनी! सुरुवात कोणी केली?

हिला सांगितलं, तुझ्या भावाने काडी टाकली. ही म्हणाली, तुमच्या काडीचं तुम्ही बघा, गाडीबरोबर मॅन्युअल आलंय ना, ते उघडा. आलंय. ट्रंकेत आहे. पण ज्याची खात्री असते तो पुस्तक उघडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार.

आजपासून ग्रुपवर नऊ दिवस मौन. शब्दाने शब्द वाढतो. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, गप्प राहणाऱ्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. मन शांत आहे. टॉर्करावचंही भलं होवो. उशिरा का होईना.

९ फेब्रुवारी.

मौन मोडलेलं नाही. फक्त स्टेटस ठेवलं : 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले पाहिले.' नाव कुणाचं घेतलं नाही.

टॉर्करावने त्याचा फोटो काढून ग्रुपवर लावला. 'काकांचं मौन फार आवाज करतं. गाडीसारखंच. टकटक ऐका तिची. ऑइल मागतेय बिचारी.'

आवाज आहे थोडा. गाडी म्हातारी झाली. माझेही गुडघे वाजतात, मी ऑइल पितो का?

१३ फेब्रुवारी.

मौन सोडलं. पाच दिवसही पुष्कळ होतात.

आव्हान दिलं. रविवारी क्लबची राइड आहे, डोंगरावरच्या धरणापर्यंत. माझी गाडी पोचली तर टॉर्करावने ग्रुपवर लिहायचं : पिळायची. अडली तर मी ग्रुप सोडतो. तो म्हणाला, 'सोडू नका काका, करमणूक जाईल. तुम्हीही एकच शब्द लिहा. टेकवायची.' मान्य. बावीस वर्षांचा शब्द पणाला लावलाय. हरण्याचा प्रश्नच नाही.

मेव्हण्याचा खासगी मेसेज : 'भाऊजी, निघण्याआधी अर्धा लिटर ऑइल घाला. कुणाला कळणार नाही.' घातलं नाही. आपण लबाडी करत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.

निघताना ऑइल तपासलं. पिळून. बरोब्बर.

चढावर पाचव्या वळणाला डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. मागचं चाक घासत थांबलं. किक खाली जाईना. सगळे थांबले, हेल्मेटं काढून. टॉर्करावने माझं झाकण उघडलं, काडी स्वतःच्या रुमालाने पुसली, भोकावर टेकवली, उचलली. कोरडी ठणठणीत. ती हातात धरून तो सगळ्यांसमोरून एक चक्कर फिरला. मागून मेव्हणा म्हणाला, 'भाऊजी, आता पिळा.'

पिकअपमध्ये घालून गाडी आणली. पेट्रोलात भेसळ असावी.

१७ फेब्रुवारी.

मेकॅनिक म्हणाला, पिस्टन सिलिंडरला चिकटलाय. ऑइलविना किती दिवस पळवली? मी म्हटलं, ऑइल होतं. म्हणाला, कुठे, दुकानात?

घरी आलो तर ताटाशेजारी मॅन्युअल उघडं ठेवलेलं. ही स्वयंपाकघरात, मुद्दाम पाठ करून. चित्रात काडी भोकावर टेकलेली. खाली ठळक : पिळू नये.

चित्र फार लहान आहे. कुणाचाही गैरसमज होईल.

शब्द उद्या लिहितो.

१८ फेब्रुवारी.

नेट स्लो.

१९ फेब्रुवारी.

काट्यावर गर्दी. शिवाय एक ट्रकवाला म्हणाला, साहेब, काटा नीट बघितलात ना? आज प्रथमच कुणी विचारलं. मेव्हण्याचा मित्र असेल.

२० फेब्रुवारी.

ग्रुपवर कुणी शब्दाची आठवणसुद्धा काढत नाही. दबा धरून बसलेत. किती क्रूर असावीत माणसं!

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

जपात मन लागेना. बोटांत मणी, डोक्यात काडी. इथे रोज माथा टेकवतो आणि तिथे एक शब्द टेकवायला आठवडा घालवला. माळ खाली ठेवली. सात वाजून दहा मिनिटांनी लिहिलं : 'टेकवायची.' पाठवलं. फोन पालथा घातला आणि दीड तास अंगण झाडलं.

मग पाहिला. कालपासून ग्रुपवर हेल्मेटच्या काळ्या काचेवरून जुंपली आहे. माझ्या शब्दाच्या वर चाळीस मेसेज, खाली पन्नास. टॉर्कराव दुसऱ्याच एका काकांना धरून बसलाय. मला एकच उत्तर, अ‍ॅडमिनचं : 'काय टेकवायची, काका?'

सगळं पहिल्यापासून समजावून लिहिलं. काडी, आटे, माझी चूक, कोरडं इंजिन. दोन परिच्छेद झाले. पाठवले.