एकीपुरता स्वयंपाक

प्रिय वकीलबाई,

काल मोठ्या बाईंचा फोन आला होता. येत्या चौदा तारखेला तू अठराची होणार, संस्थेतून बाहेर पडणार, आणि कुठे राहणार असं विचारलं की 'बघेन माझं मी' एवढंच म्हणतेस, असं सांगत होत्या. काळजीत आहेत बिचाऱ्या. तुझं हे 'माझं मी' तू सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय मी. तेव्हा तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पण आव असा की सगळ्या संस्थेचा कारभार तुझ्याच डोक्यावर!

तू आलीस तो दिवस आठवतो का? आपल्याकडची रीतच ती, नव्या मुलीला एक मोठी मुलगी नेमून द्यायची, तिची जोडताई. मी मोठी म्हणजे अकरा वर्षांची. माझीच वेणी वाकडी, आणि तुला माझ्या हवाली केलं. तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि मोठ्या बाईंना विचारलंस, 'दुसरी नाही का?' मला हसू आवरेना, बाईंनी दोघींनाही खोलीबाहेर काढलं. त्या दिवशी तू वकीलबाई झालीस आणि माझी शांतता कायमची गेली.

मी बाहेर पडले तेव्हाची फजिती तुला अर्धीच सांगितली होती. आपल्या हाताला साठ जणींचा अंदाज. पहिल्याच दिवशी पाच किलो बटाटे आणले आणि सवयीने सगळे सोलून, उकडून मोकळी झाले. पातेलं उतरवलं तेव्हा लक्षात आलं, जेवणार मी एकटीच. तिथेच ओट्याशी बसून रडले. मग डोळे पुसले, पातेलं उचललं आणि जिन्यातली दारं ठोठावत सुटले. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या काकांनी दोनदा मागून घेतले. त्यांच्याच दुकानात आज मी चष्म्याच्या काचा घासते, फ्रेममध्ये बसवते, आणि काका मला अजून बटाटेवाली म्हणतात.

म्हणून तर दर रविवारी येऊन तुम्हा मोठ्या मुलींचा वर्ग घ्यायला लागले. एक पातेली, दोन बटाटे, एकीपुरता स्वयंपाक. त्यात तू उभी राहिलीस! कमी पडलं तर? कुणी आलं तर? आलेलीला उपाशी पाठवायची का? पोरी खिदळायला लागल्या. तेवढ्यात तुझी मुंगी, जिची तू जोडताई, दारात येऊन उभी राहिली. तू बोलता बोलता दोन्ही बटाटे तिच्या ताटलीत वाढलेस, मीठ घातलंस, आणि वाद पुढे चालू! स्वतःला काही ठेवायचं तुझ्या ध्यानातही आलं नाही. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी उगाचच भांडी घासायला घेतली.

आता खरं सांगते, हसू नकोस. वर्ग घेते मी, पण मला स्वतःला हे जमलेलंच नाही. दुपारी दुकानात काकांबरोबर पोटभर जेवते, घरी आल्यावर मात्र उभ्या उभ्या पाव खाते. एकच ताट मांडायचं जिवावर येतं. तीन वर्षं मी मुलींना सांगतेय की एकटं राहायची सवय होते. मला झाली नाही बाई.

पत्र लिहायचं कारण एवढंच. गेल्या आठवड्यात मी दोन खोल्यांची जागा घेतली. खिडकीकडची तुझी, वाद नको. मुंगीला रविवारी भेटायला दोघी मिळून जाऊ. घरमालकीणबाईंनी एक फॉर्म दिला, राहणाऱ्यांची नावं आणि त्यापुढे नातं. आजवर प्रत्येक फॉर्मवर त्या रकान्यात मी आडवी रेघ ओढत आले. तूही ओढतेस, मी पाहिलंय. या वेळी तुझं नाव लिहिलं आणि पुढे 'बहीण' लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, त्याबद्दल हवं तेवढं भांड. चौदा तारखेला सकाळी मी फाटकाशी उभी असेन, फॉर्म घेऊन. त्यावर दोघींची सही लागते. माझी झालीय.

भांडायला तयार असलेली,
तुझीच,
ताई