‘जलजीव’चे नाव विकू नये

मी, रामकिसन भाऊराव वाघचौरे, वय ४९, महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहितो.

१. बजाजनगरचे घर व बँकेतील ठेव पत्नी रूपा हिची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. देवघरातला खंडोबाचा टाक धाकटे बंधू अप्पाराव यांना द्यावा. शेताच्या बांधावरून आमचे बोलणे बंद आहे. त्यात देवाने का अडकावे?

३. गोड्या पाण्यातल्या जीवांवरची ‘जलजीव’ ही इंग्रजी शोधपत्रिका माझ्या मालकीची आहे. परदेशातले संशोधक तिचा दाखला किती वेळा देतात, तिच्यात परदेशी लेखक किती, याची टक्केवारी मी दरवर्षी काढली. आपल्या देशातली पत्रिका जगाला दिसावी, एवढीच हौस. प्रत्येक लेखाखाली छापायचो ते मराठी सारांश त्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून ते बंद केले. जायकवाडीचे मासेमार पोरांकडून ते वाचून घेत. पुढे त्यांनी विचारणेही सोडले. ते मी कशातच मोजले नाही.

यंदा पत्रिका मान्यताप्राप्त शोधपत्रिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आली. मी पेढे वाटले. त्याच महिन्यात एका दलालाचा फोन आला, नाव विका म्हणून. हे लोक सूचीतली नावे विकत घेतात आणि पैसे भरील त्याचा लेख न तपासता छापतात.

जेवताना मुलगा सत्यम म्हणाला, “बाबा, विकून टाका ना. वाचतं कोण तसंही?”

“अरे, सूचीत आलीय आता.”

“म्हणून तर गिऱ्हाईक आलंय! आधी कुत्रं तरी विचारत होतं का?”

“लई बोलू नको. जेवू दे त्यांना,” रूपा म्हणाली. पण तीही माझ्याकडेच बघत राहिली. सत्यमला पुढे पुण्यात शिकायचे आहे, हे मला कळते.

४. पत्रिका सहसंपादक डॉ. दीपमाला साळवे यांना द्यावी. मराठी सारांश पुन्हा सुरू करावेत. चालवणे न जमल्यास सूचीवाल्यांना रीतसर कळवून बंद करावी. विकू मात्र नये.

५. पत्रिका ज्यावर निघते ते संकेतस्थळ सत्यमने उभारले. पासवर्ड त्याच्याकडेच आहे. वकील म्हणाले, आधी तो काढून घ्या. मी मागितला नाही. सत्यम, तो तू आपण होऊन दीपमालाताईंना दे. नाही दिलास तर वरचे कलम कागदावरच राहील, हे जाणून मी सही करतो आहे.

रा. भा. वाघचौरे

रामकिसनरावांनी हे आम्हाला वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: काकासाहेब गोर्डे, तनुजा बनकर

छत्रपती संभाजीनगर, १४ जुलै २०२५