सुट्टीतली खिचडी आणि कडक इस्त्रीचा फ्रॉक

बाई, तुम्ही गेलात तेव्हा इंदूरच्या स्नेहलतागंजात शोकसभा झाली. जो उठेल तो तुम्हाला ‘गरिबांची माऊली’ म्हणत होता. माऊली म्हणे! मी मागे बसले होते, हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

राज्य नवंनवं झालं होतं. राजधानी इंदूरऐवजी भोपाळला नेली म्हणून मोठी माणसं फुगून बसली होती आणि आम्हाला घोर एकच, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारचं काय खायचं. जुनी इंदूर भागातल्या शाळेत तुमचा फुकट वर्ग भरायचा. सकाळी गाणी, खो-खो, मुलींना भरतकाम, आणि मग खिचडी. आई लोकांचे पापड लाटायची. माझं जेवण तुमच्याकडे झालं की घरातलं तिला आणि धाकट्याला पुरायचं. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मग एकदा पैसे देणाऱ्या सेठाणीजी बघायला येणार म्हणून तुम्ही बजावलंत, "उद्या कुणी नटून यायचं नाही. तेल नको, वेणी नको. असेल ते फाटकं घाला, समझे ना?" मी घरी सांगितलं. आईने लाटणं खाली ठेवलं. "पंगतीला फाटकं घालून? आपल्यात नाही चालत. तुझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, भीक मागत नव्हते!" तिने तांब्यात निखारे घालून माझा एकुलता एक फ्रॉक कडक केला आणि घट्ट वेणी घातली.

पानं मांडली आहेत, मी बसले आहे, आणि तुम्ही सेठाणीजींना घेऊन माझ्याकडे येताय. त्या विचारतात, "ये तो अच्छे घर की दिखती है?" आणि तुम्ही काय म्हणालात, बाई? "गलती से बैठ गई." गलती से! रोज तुमच्याच हातची खिचडी खाणारी मी! माझ्यापुढचं पान उचललंत, दंड धरून मला दारापर्यंत नेलंत. वाढपी पातेलं घेऊन बघत राहिला. आईने मला पुन्हा कधी पाठवलं नाही. उरलेली सगळी सुट्टी ती दुपारी पाणी पिऊन लाटायला बसायची आणि "भूकच नाही गं" म्हणायची. आणि तुमच्या फोटोला हार! थूः तुमच्या माऊलीपणावर.

आता हे पाठवायचं तरी कुठे? राहील माझ्याच पेटीत. एक मात्र सांगते. त्या फ्रॉकला पोटाशी भोक होतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून, तुम्हीच शिकवलेल्या साखळी टाक्याने मी त्यावर गुलाबी फूल काढलं होतं. तुम्ही माझ्याकडे येत होतात तेव्हा ते दिसावं म्हणून मी हात बाजूला घेतला होता. तुम्ही ‘छान’ म्हणाल, असं मला वाटलं होतं.