बपेऱ्याचं अकरा किलो मीठ

एकोडी, ता. साकोली
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

शकुनआत्या,

मागच्या पत्रात (५ जानेवारी, पान दुसरं, वरून सहावी ओळ) मी लिहिलं होतं की तुझ्या घरी अकरा किलो मीठ, सात लिटर तेल आणि चार डबे चहापत्ती शिल्लक आहे. ते चूक आहे. त्या दिवशी तुझ्या घरी मीठ अजिबात नव्हतं, तेल बरणीच्या तळाशी होतं, आणि चहापत्तीच्या डब्यात तू सुया ठेवल्या होत्यास. मागच्या पत्रात चूक गेली असेल तर नव्या पत्राची पहिली ओळ तिचीच, हा नियम तूच मला पाटीवर घालून दिलास, म्हणून नमस्काराला उशीर झाला. आता पाया पडते. गुडघा कसा आहे? रुखमाकाकूंची शेळी व्याली का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे. बाबा बरे आहेत, आई बरी आहे, माझं तू पुढचं वाचून ठरव.

मी अजून जाळ्यांच्याच खोलीत बसून काम करते, कारण घरात नेट तिथेच नीट येतं (हे इंटरनेट, दुसरी जाळी तर तिथे आजोबांपासून आहेत). पाठीमागे खुंटीला बाबांचं मोठं जाळं असतं. आमचे प्रविण सर, म्हणजे माझ्या टीमचे मुख्य, पुण्यात बसतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की हे डेकोरेशन कुठून मागवलं. मी खरं ते सांगितलं की ते तलावावरून येतं आणि उद्या पुन्हा तलावावर जाणार आहे, तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. रोज सकाळी अकराला आमची सभा असते. तिला उभ्याची सभा म्हणतात आणि सगळे बसलेले असतात. (पहिले दोन महिने मी उभी राहत होते. कोणी सांगितलंच नाही.) माझ्या नावापुढे एक हिरवा टिपका असतो, आणि मी पाच मिनिटं जागेवरून हलले की तो पिवळा होतो. त्या पिवळ्याची मला इतकी धास्ती आहे की पाणी प्यायला उठतानाही मी सगळ्यांना लिहून कळवते, आणि त्यावर कोणीतरी अंगठा दाखवतं. (तिथे अंगठा म्हणजे होकार. मला हे कळेपर्यंत मी एक दिवस तहानलेली होते.)

ही सवय तुझ्याच शाळेची. तू तेव्हा एकोडीला आमच्याच घरी होतीस, सातवी शिकलेली, आणि गुरुजींच्या हाती पोर रिकामं देऊ नये असा तुझा हट्ट, म्हणून सातव्या वर्षापर्यंत माझी शाळा तलावाच्या पाळीवर भरली. तू फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन शिवायचीस आणि मी त्याची घरं मोजायची, सात आडवी, चार उभी. मला अजून सातचा पाढा म्हणताना मासोळ्यांचा वास येतो. उठायचं तर विचारून उठायचं, आणि तू बहुतेक वेळा नाही म्हणायचीस. दुसरा तास पत्रलेखनाचा. पत्र कोणाला लिहायचं हा प्रश्न होता, म्हणून मी समोर बसलेल्या तुलाच लिहायचे आणि तू ते वाचून समोर बसलेल्या मला उत्तर द्यायचीस. तिसरा तास सगळ्यांत कठीण. काय म्हणू नये, त्याचा. निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. दिवा विझत नाही, निजतो. बांगडी फुटत नाही, वाढते. जाळं फाटत नाही, हसतं. बाबा रिकाम्या हाताने आले तर मासोळ्या आज घरीच होत्या असं म्हणायचं (मला त्यांच्या घराचं फार कुतूहल होतं). आणि घरातली कुठलीही वस्तू, विशेषतः मीठ, कधीही संपत नाही. मीठ वाढतं. तू मीठ वाढलं म्हणालीस, की आई मुकाट्याने पिशवी घेऊन दुकानात जायची.

तुला आठवत असेल, खऱ्या शाळेच्या पहिल्याच दिवशी टिकाराम गुरुजींनी मला खडूची पेटी बघायला पाठवलं होतं. पेटी रिकामी होती. मी म्हटलं, खडू वाढले गुरुजी. गुरुजी खूश होऊन उठले, पेटी उघडली, उपडी केली, आणि अख्खा वर्ग हसला. मला रडू आलं नाही, कारण तू खिडकीबाहेर बसली होतीस (पहिला दिवस म्हणून, सुट्टी होईपर्यंत, जाळं घेऊन). तू तिथूनच म्हणालीस, “गुरुजी, पोरगी बराबर बोलली. सरलं म्हणाचं नाही आमच्या घरी.” गुरुजींनी थोडा विचार केला, मान हलवली, आणि त्या वर्षी सगळी शाळा खडू वाढले म्हणत होती.

आता मिठूचं सांगते. पोपटासारखा गोड बोलेल म्हणून हे नाव प्रविण सरांनी ठेवलं. माणसाने फोनमध्ये बोलायचं, मिठूने ऐकायचं, घरात काय कमी झालं ते दुकानदाराला कळवायचं, आणि तुमसरच्या मारोतरावांच्या दुकानातून सामान तुझ्या गावाला, बपेऱ्याला, येणाऱ्या जीपने दारात यायचं. शब्दांची यादी माझ्याकडे होती. संपलं, सरलं, खलास, नाही राहिलं, या शब्दांना वस्तू कमी धरायची. आणलं, भरलं, आलं, वाढलं, या शब्दांना जास्त. आत्या, हे मी लिहिलं, माझ्या हाताने, एकशे अठ्ठावन्नाव्या ओळीत. लिहिताना मला तुझा तिसरा तास एकदाही आठवला नाही. मी त्या वेळी ऑफिसचं मराठी लिहीत होते, आणि ऑफिसच्या मराठीत आपली पाळ नाही, आपली चूल नाही.

मग दिवाळीत मी तुझे सगळे डबे भरले, तुझ्या फोनमध्ये मिठू घालून दिला आणि तू आता गावातल्या दुकानात जायचं नाही असं तुझ्याकडून वचन घेतलं. तू ते वचन पाळलंस, वर भाचीचं यंत्र सामान पाठवतं हे गावभर सांगितलंस, आणि डिसेंबरात मीठ वाढलं तेव्हा अडकलीस. मिठूला सांगितलंस तर तो एक किलो मीठ तुझ्या नावावर चढवायचा. पुन्हा सांगितलंस, पुन्हा एक किलो. तिकडे मारोतरावांना तुझ्या घरचं मीठ वाढताना दिसत होतं. बपेऱ्याच्या बाईंनी सुकवलेल्या मासोळ्यांचा धंदा काढला का, असं त्यांनी मला विचारलंही. मी अभिमानाने नाही म्हटलं आणि तुझा आलेख सभेत दाखवला. सगळ्या गावांत बपेराच सर्वांत भरलेला. टाळ्या पडल्या. तेच तुला मागच्या पत्रात लिहिलं. मग महिनाभर तुझा फोन लागला नाही, तर मला वाटलं की तो मध्य प्रदेशचं नेटवर्क पकडत असेल. तू सीमेच्या इतकी जवळ राहतेस, याचा मी माझ्या सोयीने उपयोग केला.

खरं काय ते बाबांमुळे कळलं. गेल्या महिन्याच्या शेवटी ते तुझ्याकडे येऊन गेले ना. परत आल्यावर दोन दिवस ते तलावावर जात-येत राहिले. तिसऱ्या दिवशी जाळं धुता धुता म्हणाले, “बाई, तुह्या आत्याच्या घरी रस्सा आळणी होता.” मी घाबरून तुझ्या रक्तदाबाची चौकशी केली. ते म्हणाले, डबा पाहून घेतला. मग आणखी थोडं जाळं धुतलं. एकोडीसाठी म्हणून त्यांनी तुमच्या गावच्या दुकानातून एक किलो मीठ घेतलं आणि ते तुझ्या चुलीजवळ विसरून आले. (ते विसरलेले नाहीत, हे तुला कळलंच असेल. तरी लिहून ठेवते.) तोपर्यंत तू रुखमाकाकूंच्या वाटीवर स्वयंपाक करत होतीस, आणि बाबा आले त्या दिवशी रुखमाकाकू नेमक्या तुमसरला गेल्या होत्या.

मी लगेच मिठूकडे जमा असलेलं तुझं बोलणं काढलं. ते ऐकायची परवानगी तू दिली होतीस, म्हणजे होकाराचं बटण मीच तुझ्या बोटाने दाबलं होतं, म्हणून त्याबद्दल वेगळी माफी मागते. पहिल्या दिवशी तू नुसतं मीठ म्हणालीस, आणि त्याला वाटलं आपलंच नाव घेतलं. तो म्हणाला, हो, मी मिठू, बोला. तू म्हणालीस, तुले नाही म्हटलं बेटा. पुढे तू बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलत गेलीस. सहाव्या दिवशी तू त्याचा अख्खा तिसरा तास घेतलास, जातो म्हणाचं नाही, दिवा निजते, जाळं हसते, सगळं तेच, त्याच क्रमाने. तो प्रत्येक वाक्यानंतर “समजलं नाही, पुन्हा सांगा” म्हणत होता आणि तू पुन्हा सांगत होतीस, मला कधी सांगितलं नसशील इतक्या सबुरीने. मी ते तीनदा ऐकलं. टिपका पिवळा झाला होता, माझं लक्ष नव्हतं.

शेवटचं बोलणं ९ जानेवारीचं, म्हणजे माझं पत्र तुझ्या हाती पडलं त्या दिवसाचं. “मिठू, आमच्या रंजूले टाळ्या भेटल्या म्हणते. तं हे मिठाचं तिले सांगू नको. तिले बोलतीन थे लोक.” मिठू म्हणाला, छान, मीठ वाढवलं. त्यानंतर तू फोन बंद केलास. तो फडक्यात बांधून रिकाम्या मिठाच्या डब्यात ठेवला आहेस, असं बाबा म्हणाले.

आता माझा गुन्हा. ४ तारखेला, बुधवारी, मी कोणाला न विचारता यादीत बदल केला, आणि वाढलं म्हणजे संपलं असं सगळ्या महाराष्ट्रासाठी करून टाकलं. मला फक्त तू दिसत होतीस. गुरुवारी सकाळी साकोलीच्या एका वसतिगृहाच्या खानावळीतून कोणी सांगितलं, पोरं वाढली, तांदूळ जास्त पाठवा. मिठू म्हणाला, समजलं, पोरं शून्य, आणि त्यांचा तांदूळ रद्द केला. मारोतरावांनी त्याला कळवलं की तेलाचे भाव वाढले, तर त्याने भाव संपले असं लिहून तेल सगळ्यांना फुकट दाखवलं. दुपारपर्यंत त्यांच्या दुकानापुढे रांग लागली. मी बदल परत घेतला, पण तोवर माझ्या मनगटावरच्या घड्याळाने मला चार वेळा श्वास घ्यायला सांगितलं होतं.

शुक्रवारच्या सभेत प्रविण सरांनी विचारलं, नेमकं काय झालं. मी सांगणार होते, पण नेट गेलं. सरांनीच मग निकाल दिला की लोक चुकीचं बोलतात, त्यांना सूचना द्यावी. सोमवार, २३ फेब्रुवारीच्या दुपारी बारापासून, कोणीही वाढलं म्हटलं की मिठू म्हणेल, “कृपया ‘संपले’ असेच म्हणा,” आणि तसं म्हटल्याशिवाय सामान पाठवणार नाही. मराठीचं काम म्हणून ही सूचना लिहायला माझ्याकडे आली. मी लिहिली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने गावोगावच्या बायकांना सांगितलं आहे की चुलीपुढे उभं राहून मीठ संपलं म्हणा. तू म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. तू आळणी खाशील.

उपाय मला सुचला आहे, आणि तो फार साधा आहे. घरच्या वस्तूपुढे वाढलं आलं तर मिठूने उलट विचारावं, आणू का? एवढंच. आई तरी दुसरं काय करायची, पिशवीच तर उचलायची. पण हे सांगायचं म्हणजे एकशे अठ्ठावन्नावी ओळ माझी आणि बुधवारचा बदलही माझाच, हे आधी सांगावं लागेल.

रुखमाकाकूंना नमस्कार, शेळीला पाला. आता पत्र वाढलं.

तुझी,
रंजू

ता. क. मी येताना एक किलो मीठ आणते. हातात देणार नाही, उंबऱ्याजवळ ठेवीन, तू उचल. मीठ हातोहात घेतलं की भांडण होतं, आणि आपलं ते व्हायला नको आहे.

ता. क. दुसरा. वर लिहिलं आहे की शुक्रवारी सभेत नेट गेलं. ते चूक आहे. नेट पूर्ण होतं. मीच गेले. दुरुस्ती पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत करायची, पण तोवर तारीख निघून जाईल.

ता. क. तिसरा. हे पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. सरांना खरं सांगायची ती सभा मला तुझ्या ओसरीत बसून करायची आहे. तुला काही बोलायचं नाही, फोनही डब्यातच राहू दे. तू फक्त जाळं घेऊन खिडकीबाहेर बस, सभा सुटेपर्यंत. मी रविवारी, २२ तारखेला, संध्याकाळच्या गाडीने येते. सरांना सांगणार सोमवारी, २३ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता.