सोळा तासांची ड्यूटी

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. या वर्षी तलावावर चाळीस नवी मुलं पोहायला शिकतायत हे वाचून हेवा वाटला. ती हातपाय तरी हलवतात. माझे चालायचे बूट कपाटात बंद आहेत आणि किल्ली बाबांच्या खिशात आहे!

बाबांनी भिंतीवर तक्ता लावलाय, अगदी बसच्या आगारात ड्रायव्हरांसाठी असायचा तसा. जेवण, आंघोळ, झोप वजा जाता सोळा तास अभ्यास. संध्याकाळी मी चाळीस मिनिटं भरभर चालून यायचे, ते त्यांनी ‘विनाकारण थांबा’ म्हणून लाल शाईने खोडलं. दोरीवरच्या उड्याही बंद. खालच्या मजल्यावरचे काही बोलत नाहीत, तक्रार बाबांचीच आहे. आई म्हणते, भिंतीवर डोकं आपटून कपाळमोक्ष आपलाच व्हायचा. न्यायाधीशाच्या परीक्षेला बसलेय मी, आणि घरात मला बाजू मांडायची सोय नाही.

आता एक फक्त तुला सांगते. काल सराव परीक्षा होती. दुसऱ्या प्रश्नाची पहिली ओळ सात वेळा वाचली आणि एकदम घंटा झाली. वाटलं, शिपायाने चुकून लवकर वाजवली. गालाला शाई लागली होती, आत्या. मी तासभर झोपले होते. अकरा पानं कोरी गेली. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी, आणि जेमतेम पावणेदोन महिने उरलेत. बाबांना सांगितलं तर सोळाचे अठरा तास होतील.

माया आहेच, थोडा राग बाबांसाठी राखून ठेव.

तुझी,
ठकी

६ जून

चि. बाब्यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीप्रमाणे देऊन झाले, आता कान इकडे कर. मुलीचे बूट कुलपात ठेवतोस? निवृत्त होऊन तुला करायला दुसरं काही उरलं नाही का?

तीस वर्षं मी मुलांना पोहायला शिकवतेय. श्वास घ्यायला डोकं वर काढलं म्हणून मी कुणाला आळशी म्हटलेलं नाही. जो काढत नाही, त्याच्यासाठी मात्र मला कपड्यांनिशी उडी मारावी लागते. ठकीचा चेहरा पाहिलास का अलीकडे? की नुसता तक्ताच पाहतोस?

आणि हे तू करावंस? दहा तास गाडी चालवून आल्यावर साहेबाने डबल ड्यूटी सांगितली, तेव्हा किल्ल्या टेबलावर ठेवणारा तूच ना? तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून विश्रांतीचा अर्ज मी लिहून दिला होता. ‘माझे डोळे उघडे आहेत, पण मला रस्ता दिसत नाही.’ वाक्य तुझं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

बूट परत दे. राग माझा आहे, माया त्याहून जुनी आहे.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. अर्जाची आठवण काढलीसच, तर पुढचंही ऐक.

साहेबाने तो अर्ज तीन दिवस टेबलावर तसाच ठेवला. मग लाल शाईने ‘नामंजूर’ लिहिलं आणि मला चार महिने निलंबित केलं. चौकशीत मी सुटलो, पण बढती गेली ती गेलीच. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं पर्यवेक्षक होऊन मला वेळापत्रक शिकवायला लागली. आगारात मला ‘आरामवाला’ नाव पडलं. ठकी शाळेतून रडत आली होती, तिला कुणी आरामवाल्याची मुलगी म्हणालं म्हणून. तेव्हा तुझं ते सुंदर अक्षर काय कामाला आलं, सांग.

दमलेला माणूस जगाला चालतो, ताई. दमलो म्हणणारा चालत नाही. माझ्या मुलीला तसं कुणी म्हणायला नको. बूट परीक्षेनंतर मिळतील.

रागावलीस तरी पत्र टाकणं थांबवू नकोस.

तुझा,
बाब्या

१५ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र आलं. वाचून रडले, आणि मग दुप्पट चिडले. साहेबाने केलेला अन्याय तो स्वतःच्या पोरीवर वसूल करतोय, हे त्याच्या ध्यानातही नाही.

सोबत त्याच्या जुन्या अर्जाची नक्कल आहे, माझ्या ट्रंकेत जपलेली. तू भांडू नकोस, अर्ज कर. नावं आणि तास बदल, भाषा त्याचीच ठेव, आणि नक्कल खाली जोड. सराव परीक्षेत झोपलीस तेही लिही. स्वतःच्याच खटल्यात पुरावा दडवणारी न्यायाधीश काय कामाची?

काय होतं ते कळव. माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
आत्या

२९ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण सांगायला पुरेसं घडायला हवं होतं.

अर्ज मी तुझी नक्कल जोडून बाबांच्या चष्म्याखाली ठेवला. ‘सोळा तासांनंतर माझे डोळे उघडे असतात, पण मला पान दिसत नाही.’ अकरा कोऱ्या पानांचंही लिहिलं. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात घातला. एक दिवस गेला, दोन गेले. मी इतकी संतापले की जेवताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबासारखंच करणार, असं धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ज माझ्या कपाखाली होता. खाली लिहिलं होतं, ‘मंजूर. उत्तरास उशीर झाला, दिलगीर आहे.’ आणि टेबलाखाली माझे बूट, पॉलिश केलेले. चालायच्या बुटांना कुणी पॉलिश करतं का, सांग!

तेव्हापासून अभ्यास नऊ तास, झोप सात तास, आणि संध्याकाळी चालायला बाबा बरोबर. दम लागला की रस्ता बघायला थांबल्याचं नाटक करतात. काल शेवटचा पेपर झाला. निकाल काय लागेल तो लागो, एकही पान कोरं सोडलेलं नाही. फाटकाशी बाबा उभे होते. पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. झोप आली होती का, एवढंच विचारलं.

राग पुरता गेलाय असं समजू नकोस. तक्ता मी स्वतः फाडला, आणि त्याचे तुकडे त्यांनाच गोळा करायला लावले.

तुझी नक्कल परत पाठवायची म्हणून आज त्यांच्या खणातून काढली. ती सोबत आहे. खालचा कोपरा बघ. कोंबडीच्या पायांनी तिथेही लिहिलंय, ‘मंजूर’, आणि तारीख माझ्या अर्जावरच्या मंजुरीचीच आहे.

ती पुन्हा ट्रंकेत ठेव, आणि आम्हा दोघांवर माया असू दे.

तुझी,
आरामवाल्याची मुलगी