भिंतीपलीकडची काडी

९ ऑक्टोबर १९७३
गुलाब छाटले. चारी. हात ओरबाडून निघाले. तात्या माळी कात्री द्यायला आले होते, धार लावून. जन्म गेला त्यांचा सरकारी बंगल्याची बाग करण्यात, गुलाबांची नावं पाठ. माझ्या गुलाबांतल्या एकाचंही सांगता येईना. मी आपली आणलं तिथलं नाव ठेवते. मेढ्याचा, उंब्रजचा, पोस्टातला. चौथा पांढरा. त्याच्यापाशी तात्या उकिडवे बसले. पान चुरगाळलं, वास घेतला.
"वैनी, ह्यो कुठनं आणला?"
म्हटलं, मेढ्याहून, बहिणीकडनं.
"नवल हाय. मी ह्यो एकाच जागी बघितलाय. गोऱ्यांच्या कबरस्तानात."
मी म्हटलं, च्या घेणार का.

१० ऑक्टोबर
खरं लिहून टाकते. ह्यांना माझं अक्षर लागत नाही, दुसरं कोण वाचतंय. तीन वर्षं झाली. कॅम्पाकडनं चालत येत होते. पडकी भिंत, आत दगडावर पांढरा झुपका. वास रस्त्यापर्यंत. विचारायचं कुणाला? हात घातला, काडी मोडली, पिशवीत टाकली. मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं तेव्हा वाटलं.
दगड लहान होता. पाटाएवढा. मोठ्या माणसाचा नसणार. आज आठवलं.

२ नोव्हेंबर
सुनेला, शालनला, तिसरा महिना संपला. ह्यांनी विलासला पत्र टाकलं, पलटणीच्या पत्त्यावर. मी थांबा म्हटलं होतं. दोन वेळा पोर आनंदानं कळवून बसला आणि दोन्ही गेली पोटातच. आज बसून मोजलं. पहिलं गेलं तेव्हा पांढऱ्याला पहिला बहर. दुसरं गेलं तेव्हा झाड नुसतं लगडलेलं.
मोजायला नको होतं.

२६ नोव्हेंबर
पांढरा फुलला. शालन रोज एक माळते. म्हटलं, उंब्रजचा घे, तुला शोभतो.
"त्याला वासच न्हाई, आत्या. ह्याचा कसा, पार पोटात उतरतोय."
हसत होती. मी वस्सकन अंगावर गेले तिच्या, चूल विझली म्हणून. चूल पेटलेली होती.

१४ डिसेंबर
कुदळ घेऊन परसात गेले. हे पायरीवर पेपर वाचत होते.
"काय, रोग पडला?"
"व्हय."
"दाव की."
दावायला काय? पान न् पान तुकतुकीत. "ह्याला रोग म्हणत्यात व्हय? मग मला बी झालाय," म्हणाले आणि परत पेपरात. तेवढ्यात शालन पाण्याची कळशी घेऊन आली. वाकून घालत होती. मी कळशी हिसकावून घेतली, वाकू नको म्हणून. आणि मग काय करणार, घातलं मीच.
उपटला तर का म्हणून विचारणार. सांगितलं तर पोरगी हाय खाईल. आणि ठेवला तर

२० डिसेंबर
तात्या म्हणतात, गुलाबाला हाडांचा चुरा घाला, फूल मोठं येतं. मी शेणखतच घालते.

११ जानेवारी १९७४
ह्यांना सांगावं का. हसतील. जन्मभर फौजेत. अमुशेला मुद्दाम नखं काढतात. तीन रस्त्यांच्या तिकटीवर कुणी उतरून टाकलेला नारळ उचलून आणला होता, मला चटणी वाटायला लावली. मीही वाटली. चांगली झाली होती. तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं घरात.

१० फेब्रुवारी
सातव्यात ओटी भरली. चारच बायका बोलावल्या, गाणी नाहीत. शालनचा भाऊ सांगलीहून न्यायला आला. निघताना सगळ्यांसमोर म्हणते, "आत्या, पांढऱ्याची काडी द्या. आईच्या दारात लावते."
म्हटलं, देते. मागं गेले आणि मेढ्याच्या दोन काड्या कापल्या, ओल्या फडक्यात बांधून दिल्या. नुसत्या काडीवरनं कुणाला कळतंय. एस.टी. हलली तेव्हा छाती मोकळी झाली. गेली एकदाची त्या झाडापासून लांब.

८ मार्च
शालनचं पत्र. बरी आहे, पाय सुजतात. पुढं लिहिते: 'तुम्ही दिलेल्या काड्या फुटल्या, पण पान तांबूस आहे. दादा म्हणतो, सासूनं फसवलं तुला. मी म्हटलं, गडबडीत चुकलं असेल. आणि रागावू नका, निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या हातानं पांढऱ्याची एक मोडून ट्रंकेत घातली होती. विचारलं नव्हतं, म्हणून निघताना परत मागितली. तीही फुटली. माझ्या उशाच्या खिडकीखालीच लावली आहे.'
दोनदा वाचलं. चोरून मोडली. माझ्यासारखीच.

९ मार्च
पत्र लिहायला बसले. ती काडी उपटून टाक, एवढंच लिहायचं. का, ते काय लिहू? फाडलं.

१७ मार्च
व्याह्यांचं पत्र. आठवा चालू आहे अजून, तोवर शालनच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरीणबाई बघू म्हणतात. काळजी नसावी. चार ओळींत दोनदा काळजी नसावी. पत्र टाकून तीन दिवस झालेले.
ह्यांना सांगितलं. सगळं. भिंत, काडी, तात्या काय म्हणाले ते. वाटलं हसतील, मग मी चिडेन, भांडण होईल आणि भीती जाईल माझी.
हसले नाहीत. "दगड केवढा म्हणालीस?"
मी हातांनी दाखवला. ते माझ्या दोन हातांमधल्या जागेकडं बघत राहिले. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली.
"सांगलीला गाडी कितीला हाय?"
भाकरी बांधते आहे. दोघं जातोय.